अर्धी आत, अर्धी बाहेर

प्रिय दोस्ता,

तुझी दोन पत्रं आली, उत्तर एकाचंही नाही. शिव्या घाल, ऐकून घेतो. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी शुगर जरा वर. पत्राचं कारण वेगळंच आहे आणि ते दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

टोमॅटोत अळी शिरली.

आधी कोवळी पानं कुरतडलेली दिसली. मी म्हटलं, नागअळी. तिच्यामुळे पानाच्या पापुद्र्याआड पांढुरक्या नागमोडी रेघा उमटतात, त्यातली एकही नव्हती. पण मी एकदा ठरवलं की ठरवलं! तिचं औषध मारून मोकळा झालो. आठवड्याने बघतो तर हिरव्या फळाला गोल भोक, तोंडाशी ओली विष्ठा आणि बाईसाहेबांचं डोकं आत, ढुंगण बाहेर. परीक्षेच्या आदल्या रात्री तू पांघरुणात शिरायचास ना, हुबेहूब तशी. हरभऱ्यातली आपली घाटे अळीच ही.

आणि तू सांगितलं होतंस. १६ ओळींमागे १ ओळ झेंडूची, झेंडूचं रोप ४० दिवसांचं, टोमॅटोचं २५ चं, म्हणजे फुलं बरोबरीने येतात आणि या अळीची पतंग-मादी अंडी घालायला झेंडूकडे वळते. मी म्हणालो, "शेत आहे की बगीचा?" त्यावरून केवढं भांडलो, आणि तू सायकलला टांग मारून निघून गेलास. झेंडूचं सोड, पण "नीट बघ, मग फवार" हे तरी ऐकायला हवं होतं.

आता भिंग घेऊन शेंडे तपासतो. खसखशीएवढं पिवळसर अंडं, एकेकटं. त्यातून निघालेली अळी फळात शिरेपर्यंतच आपल्या हातात असते, पुढे फवारा नुसता सालीवर. मादीच्या वासाने भुलवणाऱ्या कामगंध सापळ्यांत पतंग पडतात, पण नुसते नर. त्यावरून फक्त कळतं की आता अंडी शोधायला लागा. किडकी फळं तोडून खोल पुरतोय, हाती लागलेल्या मोठ्या अळ्या साबणाच्या पाण्यात.

पाच दिवसांपूर्वी या अळीला रोग लावणारा विषाणू फवारला, एचएएनपीव्ही. उन्हात तो टिकत नाही, म्हणून संध्याकाळी, गूळ घालून. पण त्याने अळी लगेच मरत नाही, आणि थोराड अळी तर दादच देत नाही. धाकटा रोज म्हणतो, "बाबा, जहाल काहीतरी मारा." मारलं तर अंड्यांवर जगणाऱ्या मित्रकीटकांचाही निकाल, आणि तोडा लांबणीवर, कारण औषधानंतर ठरलेले दिवस फळ तोडायचं नाही. इकडे पहिला तोडा आठवड्यावर आलाय. नाही मारलं आणि विषाणूही फसला, तर धाकट्याला तोंड कसं दाखवू? तू असतास तर काय केलं असतंस? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको.

बदली झाली म्हणे? वहिनींचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? पोरीला शाबासकी सांग.

तुझाच,
हट्टी

ता. क. आत्ता बॅटरी घेऊन फिरून आलो. एका शेंड्याला अळी मागच्या पायांवर उलटी लोंबकळत होती, काळी, पिलपिलीत. काडी लावली तर पाणीच झाली. तशीच राहू दिली, तो रोग तिच्यातूनच पुढे पसरतो. सापडली एकच. तरी धाकट्याला झोपेतून उठवून दाखवली.