राजीनामा देण्याआधी हे वाच

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

नोकरी सोडायचं तू पक्कं केलंयस, हे परवा फोनवर कळलं. खरं तर तेव्हाच तुला हे सांगायला हवं होतं, पण तू इतक्या उत्साहात बोलत होतास की मध्येच माझी गोष्ट काढावीशी वाटली नाही. म्हणून लिहून पाठवतोय. सावकाश वाच, पण राजीनामा देण्याआधी वाच.

गेल्या महिन्यात मला क्रेडिट कार्ड नाकारलं.

पैशाच्या बाबतीत मी कसा आहे, ते तू बारा वर्षं बघतोयस. एक हप्ता चुकवलेला नाही. बाबा अतिदक्षता विभागात होते, त्या महिन्यातसुद्धा बाहेरच्या बाकावर बसून मोबाइलवरून हप्ता भरला होता, तू शेजारीच होतास. अर्ज करण्याआधी क्रेडिट स्कोअर पाहिला, तर तो अगदी वरच्या पट्ट्यात. मग रात्री निवांत फॉर्म भरायला बसलो. नाव, पत्ता, उत्पन्न. 'व्यवसाय' या रकान्यात पहिल्यांदाच 'नोकरी' सोडून 'स्वयंरोजगार' निवडलं. अर्ज पाठवून मोबाइल खाली ठेवतो न ठेवतो तोच उत्तर आलं: 'आपला अर्ज आमच्या अंतर्गत निकषांत बसत नसल्याने मंजूर करता येत नाही.' बस्स, एवढंच. कारण नाही, खाली कोणाचं नाव नाही. बायकोने विचारलं काय झालं, तर मी मोबाइल पालथा घातला आणि काही नाही म्हणालो.

खरं सांगतो, फार लागलं. आपण पत राखतो, पत सांभाळतो, एखाद्याची पत गेली म्हणतो, ते काही फक्त उधारीबद्दल नसतं. माणसाच्या शब्दाला किती वजन आहे, ते त्यात येतं. बारा वर्षं जपलेलं ते वजन कोणीतरी काट्यावर न घालताच परत केलं, असं वाटलं मला.

आणि त्याच तिरीमिरीत मी दुसरी चूक केली. तासाभरात दुसऱ्या बँकेत अर्ज ठोकला. तिथूनही नकार. असा प्रत्येक रीतसर अर्ज म्हणजे आपल्या क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे आपल्या कर्जांच्या आणि कार्डांच्या नोंदवहीत, एक चौकशीची नोंद. थोड्या दिवसांत अशा चार-पाच नोंदी दिसल्या की पुढच्या बँकेला वाटतं, या माणसाला पैशाची निकड आहे. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिला तर स्कोअरला धक्का लागत नाही. म्हणजे आधी रिपोर्ट बघायचा, मग अर्जाचा विचार. मी नेमकं उलटं केलं.

दुसऱ्या दिवशी शांत डोक्याने पहिल्या बँकेला लेखी कारण मागितलं. हे मागायला लाजू नये, अवि. अमेरिकेत नकाराची ठोस कारणं मागायचा हक्क कायद्यानेच दिलाय. भारतात रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे कार्ड देणाऱ्या संस्थेने नकाराचं विशिष्ट कारण लेखी कळवायचं असतं. मलाही आठवड्याभरात उत्तर आलं: 'सध्याच्या व्यवसायातील उत्पन्नाचा कालावधी अपुरा.' स्वतंत्र काम सुरू करून मला जेमतेम सात महिने झालेत. परतफेडीबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती.

मग हा स्कोअर मुळात मोजतो तरी काय, ते मी वाचून काढलं. बिल फेअर आणि अर्ल आयझॅक या दोघांनी १९५६ साली अमेरिकेत कंपनी काढली. त्यांच्या नावावरून ओळखला जाणारा फायको स्कोअर १९८९ साली आला, ३०० ते ८५० या मापाचा. त्यात साधारण ३५ टक्के वजन वेळेवर परतफेडीला, ३० टक्के सध्या किती उधारी डोक्यावर आहे त्याला, १५ टक्के इतिहास किती जुना त्याला, आणि नव्या उधारीला व कर्जांच्या प्रकारांना १०-१० टक्के. इतर ठिकाणची सूत्रं वेगळी असतात. पण मी ज्या ओळीवर थांबलो ती ही: या हिशेबात उत्पन्न कुठेच नाही. आजवर घेतलेलं फेडलं का, एवढंच स्कोअर सांगतो. उद्या फेडायला पैसे कुठून येणार, हे बँक वेगळं विचारते, आणि तिथे माझ्याकडे दाखवायला सातच महिने होते. हे कळल्यावर राग बराच उतरला. तरी एक तक्रार राहतेच. हे एक वाक्य त्यांनी पहिल्याच रात्री लिहिलं असतं, तर मी दुसरा अर्ज केलाच नसता.

रिपोर्ट ओळ न् ओळ वाचला, ते बरं झालं. दोन वर्षांपूर्वी फेडून टाकलेलं एक कर्ज अजून 'चालू' दिसत होतं! कर्जफेडीचा दाखला जोडून तक्रार केली, तेव्हा ते बंद झालं. तुझाही बघ. नावाचं स्पेलिंग, जुना पत्ता, बंद केलेली खाती, सगळं तपास. तू महिन्याचा सगळा खर्च कार्डावर करतोस आणि पूर्ण बिल भरतोस, ते छानच आहे. पण हा रिपोर्ट बनवणाऱ्या संस्थेकडे, म्हणजे क्रेडिट ब्युरोकडे, बहुधा बिल निघालेल्या दिवसाची बाकी जाते. मर्यादेच्या जवळ गेलेला आकडा तिथे उधारीत बुडालेल्या माणसासारखा दिसतो. मोठा खर्च असेल त्या महिन्यात बिल निघण्याआधीच थोडे पैसे भरून टाकत जा.

आता मुख्य गोष्ट. दुसरं कार्ड घ्यायचं असेल, आहे त्याची मर्यादा वाढवायची असेल किंवा घरासाठी कर्ज काढायचं असेल, तर राजीनामा देण्याआधी शांतपणे विचार कर. पगाराची स्लिप हातात आहे तोवर हे सोपं जाईल. मात्र नोकरी सोडायची तारीख ठरलेली असताना फॉर्मवर त्याबद्दल विचारलं, तर लपवू नकोस. आणि तुझं सगळ्यात जुनं कार्ड वापरात नाही म्हणून बंद करू नकोस, इतिहासाची लांबी त्याच्यावर उभी आहे.

माझं म्हणशील तर मी माझ्या बँकेत मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर कार्ड घेतलंय. मर्यादा लहान आहे, पण कामापुरती पुरते. दोन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं हातात आली की पहिल्या बँकेत पुन्हा अर्ज करणार आहे.

तुझी तारीख ठरली की कळव. त्याआधी एक संध्याकाळ मोकळी ठेव, तुझा रिपोर्ट दोघं मिळून वाचू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर