पंच पायातून येतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात एका पालकांचं पत्र वाचलं. त्यांची मुलगी नववीत आहे, बॉक्सिंग करते आणि तिच्या प्रशिक्षकांनी तिला रॉड (वजनं लावायची लोखंडी दांडी) उचलायला लावला म्हणून ते काळजीत आहेत. मुलीची उंची खुंटेल, अंग जड होईल, हात मंदावतील, असं त्यांना वाटतं. मी त्या प्रशिक्षकांना ओळखत नाही. पण मिरजेत गेली १४ वर्षं मी मुलामुलींना बॉक्सिंग शिकवते आणि त्याआधी ८ वर्षं स्वतः रिंगमध्ये उतरले आहे. या पालकांच्या मनातली भीती मला माझ्या खेळण्याच्या वयात रोज ऐकवली जायची. तिची किंमत मी मोजली आहे, म्हणून लिहिते आहे.

मी ४८ किलो वजनगटात खेळायचे. आमच्या सरांचा एक नियम होता, वजनांना हात लावायचा नाही. ‘बॉडी जखडते, पंच अडकतो,’ म्हणजे ठोसा मोकळा सुटत नाही, असं ते सांगायचे. सर जीव ओतून शिकवायचे, त्यांना त्यांच्या गुरूंनी हेच सांगितलेलं होतं. त्यामुळे पळणं, दोरी, शॅडो (हवेत ठोसे मारणं), बॅग (टांगलेल्या पिशवीवर ठोसे) आणि शेवटी पुश-अप, रोज न चुकता. तिसऱ्या वर्षी माझा उजवा खांदा धरला. जॅबला (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) काही नाही, पण क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) पूर्ण सुटला की खांद्याच्या टोकाला सणक जायची. महिनाभर बाम चोळून खेळले. मग एका फिजिओथेरपिस्टबाईंनी पालथं झोपवलं, पाठीच्या पात्यामागे अंगठा रोवला आणि विचारलं, ‘इथलं कधी काही केलंस का?’ इथलं म्हणजे मागचं. हात पुढे फेकण्याचा व्यायाम हजारो वेळा झाला होता, मागे ओढण्याचा एकही नाही. फेकलेल्या हाताला लगाम घालतात ते पाठीचे आणि खांद्यामागचे स्नायू, आणि तेच माझे कच्चे होते. सात महिने घरी बसले. त्या वर्षीची राज्य निवड चाचणी मी प्रेक्षकांत बसून पाहिली.

पंच हातातून येतो हा समज आधी काढायला हवा. माझ्याकडे नवं मूल आलं की मी त्याला स्टुलावर बसवून बॅग मारायला लावते. बॅग थोडी हलते, वरची साखळी नुसती कुरकुरते. मग उभं करते, मागची टाच फिरवायला शिकवते, आणि तोच हात, तेच मूल. आता साखळी खणकन वाजते. जमीन पायानं मागे रेटायची, तो जोर मांडीतून कंबरेत, कंबर फिरली की खांद्यात आणि शेवटी मुठीत. १९८५ साली सोव्हिएत संशोधकांनी १२० बॉक्सर्सचे पंच मोजले होते. अव्वल बॉक्सर्सच्या पंचात पायांचा वाटा ३८ टक्क्यांच्या आसपास निघाला, तर खालच्या दर्जाच्या बॉक्सर्समध्ये जेमतेम १६-१७ टक्के. मग पायांना आणि कंबरेला खऱ्या ओझ्याची सवय करायची नाही, तर कशाला करायची? पुश-अपनं मांड्या तयार होत नाहीत. पळण्यानं दम वाढतो, जमीन रेटण्याची ताकद त्यातून फारशी येत नाही.

आपल्या भागात हे मला समजावून सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. माझे वडील तालमीतले. जोर-बैठकांबरोबर मुद्गल होते, आखाड्याच्या कडेला उचलायची जड दगडी नाल पडलेली असायची, आणि नाल उचलणारा गडी कुस्तीत मंद होतो असं सांगली-कोल्हापूरकडे कुणी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. तोच माणूस पोरीला बॉक्सिंगला घालतो तेव्हा लोखंडाला का घाबरतो?

मेरी कोमचं उदाहरण मी मुलींना नेहमी सांगते. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिला बॉक्सिंग पहिल्यांदा आलं आणि गट होते फक्त तीन, ५१, ६० आणि ७५ किलो. मेरीची तोवरची पाचही जागतिक विजेतेपदं ४५, ४६ आणि ४८ किलो गटातली. म्हणजे तिला जन्मजात मोठ्या मुलींसमोर उभं राहायचं होतं. उपांत्य फेरीत ब्रिटनच्या निकोला ॲडम्सनं तिला ११-६ असं हरवलं, कांस्य घेऊन ती परतली. गट आपल्या हातात नसतो. समोरच्याच्या धक्क्याला पाय रोवून उभं राहण्याची ताकद मात्र कमावता येते.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हा वाद अमेरिकेच्या इव्हँडर होलीफिल्डनं बराचसा मिटवला. तो आधी क्रूझरवेट, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटात, तेव्हा त्या गटाची मर्यादा १९० पौंड (साधारण ८६ किलो). हेवीवेटमध्ये जायचं म्हणून त्यानं पद्धतशीर वजनं उचलली, मदतीला ‘मिस्टर ऑलिम्पिया’ हा शरीरसौष्ठवाचा किताब जिंकलेला ली हेनी होता. ऑक्टोबर १९९० मध्ये २०८ पौंडांचा होलीफिल्ड २४६ पौंडांच्या हेवीवेट जगज्जेत्या बस्टर डग्लससमोर उतरला आणि तिसऱ्या फेरीत त्याला आडवं केलं. जखडलेल्या अंगाचा माणूस तो पंच मारू शकत नाही.

दुसरी बाजूही मी पाहिली आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडचा एक मुलगा, खूप चांगला डावखुरा, मला न सांगता जिमला जाऊ लागला. तिथल्या पोरांबरोबर बेंच प्रेस, बायसेप्स, पुन्हा बेंच प्रेस, वर प्रोटीनचे डबे. सहा महिन्यांत साडेचार किलो वाढला. वरच्या गटात गेला, समोर त्याच्यापेक्षा वीतभर उंच मुलं आली, आणि दुसऱ्या फेरीतच त्याचे हात खाली यायला लागले. तो हरला, घरी बसला, अजून आलेला नाही. मला त्याच्याशी आधीच बोलायला हवं होतं. ब्रिटनचा हेवीवेट बॉक्सर अँथनी जोशुआ जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कला अँडी रुइझकडून हरला तेव्हा त्याचं वजन २४७ पौंडांच्या पुढे होतं. सहा महिन्यांनी फेरलढतीला तो दहा पौंड कमी करून आला, बारा फेऱ्या पायांवर नाचला आणि गुणांवर जिंकला. बॉक्सरला हवी ती ताकद, शरीराचा घेर नव्हे. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पद्धतीनं मिळतात, आणि नेमकं हेच पालकांना कुणी सांगत नाही.

घेर वाढतो तो भरपूर सेट, प्रत्येक सेटमध्ये दहा-बारा रेप्स (सलग तितक्या वेळा उचलणं) आणि त्यावर जादा खाण्यानं. ताकदीसाठी आम्ही करतो ते याच्या उलट. जड वजन, चार-पाच रेप्स, मध्ये दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. सुरुवातीच्या महिन्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूंना एकदम कामाला लावायला शिकतात म्हणून, स्नायू फुगतात म्हणून नव्हे. माझी एक विद्यार्थिनी जूनमध्ये ४६.२ किलो होती. नोव्हेंबरात ती स्वच्छ पाठीनं ५५ किलोचा डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलून उभं राहणं) करत होती, आणि काट्यावर भरली ४६.८.

आमच्याकडचा रॉड २०१९ च्या महापुरात बुडालेल्या एका जिमकडून घेतलेला, काथ्या आणि रॉकेलनं घासून गंज काढलेला. पण तो कुणालाही पहिल्या दिवशी मिळत नाही. आधी तीन आठवडे झाडूची काठी. काठी पाठीला उभी लावायची, डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे, आणि तशीच टेकलेली ठेवून कंबरेतून वाकायचं. काठी सुटली की पाठ वाकली. ती सुटायची थांबली की मगच रॉड, आणि रिकामा रॉडही २० किलोचा असतो हे लक्षात ठेवावं. आठवड्यातून दोनच दिवस. स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठका), डेडलिफ्ट, ओढण्याचे दोन प्रकार. स्पॅरिंगच्या (जोडीदाराशी सरावाच्या लढतीच्या) दिवशी वजन नाही, स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात जड काही नाही. आणि ज्याला अजून जॅब नीट मारता येत नाही, त्यानं रॉडकडे बघायचंही नाही. हात आधी शिकले पाहिजेत, मग ताकद.

उंचीबद्दल. जाणत्या देखरेखीखाली, बेतानं वजन उचलल्यानं मुलांची वाढ खुंटते याला आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ५ ते १७ वयाच्या मुलांनी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम करावा असं म्हटलं आहे. काही पालक मला सांगलीच्या संकेत सरगरची आठवण करून देतात. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत १३९ किलो उचलताना त्याचं कोपर दुखावलं आणि एका किलोनं सुवर्ण हुकलं, हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर जीव मुठीत धरून पाहिलं. पण तो वेटलिफ्टर आहे. एकदाच, जास्तीत जास्त उचलणं हीच त्याची स्पर्धा. माझ्या मुलींनी हद्द गाठेपर्यंत उचलायचं नसतंच. अजून दोन रेप्स जमल्या असत्या अशा ठिकाणी मी त्यांना थांबवते.

एक तक्रार मात्र मांडायचीच आहे. आमच्या भागातल्या एका व्यायामशाळेत सकाळी मुलींना आत घेत नाहीत. ‘मुलींचं लोखंडाशी काय काम, बॉक्सिंगवाल्यांना बॅग पुरे,’ हे उत्तर मला यंदा दोनदा मिळालं. लोकवर्गणीतून उभी राहिलेली जागा आहे ती, आणि पहाटे साडेपाच ते सात रिकामी असते. मी माझी चावी, माझी जबाबदारी, सगळं लिहून द्यायला तयार आहे. तिथल्या कारभाऱ्यांपैकी कुणी हे पत्र वाचत असेल तर कृपया पुन्हा विचार करावा.

आणि ज्यांनी पत्र लिहिलं त्या पालकांना माझी मनापासून विनंती. मुलीच्या प्रशिक्षकांना एवढंच विचारा, आधी काठी दिली होती का, आठवड्यातून किती दिवस उचलायला लावता, मागे ओढण्याचा व्यायाम घेता का. उत्तरं नीट आली नाहीत तर तुमची काळजी खरी आहे आणि मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. नीट आली तर तिला थांबवू नका. आमचे दिवस मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सहाला सुरू होतं. मिरजेला या, मुलीलाही आणा, शेजारी उभे राहून बघा.

आपली,
एक महिला बॉक्सिंग प्रशिक्षक, मिरज