डिकीतला पाण्याचा कॅन

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला लागले की बाबा मधेच "अगं घाटात टेंपरेचरचा काटा वर जातोच" म्हणून विषय मिटवतात, म्हणून लिहितेय. गाडी ठीक आहे, मी पण ठीक आहे, फक्त उजव्या हाताची दोन बोटं सोलवटलीत.

मागच्या वेळी साताऱ्याला येताना खंबाटकी चढायला लागले आणि काटा अर्ध्याच्या वर सरकायला लागला, मग एसी बंद करून हीटर फुल केला, म्हणजे इंजिनची थोडी गरमी आत ओढली जाते, भर एप्रिलमध्ये काचा खाली करून हीटर लावून चढले, ट्रकवाले बघत होते. घरी पोचल्यावर बाबा, तुम्ही फडकं घेऊन रेडिएटरची कॅप उघडायला निघालात आणि मी चार घरांना ऐकू जाईल असं ओरडले, त्याबद्दल सॉरी. पण ती कॅप आतलं पाणी दाबून धरते म्हणून ते शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना उघडली की दाब सुटतो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. फडक्याने काय होणार होतं?

पुण्यात आल्यावर एका गॅरेजमध्ये दाखवली. बॉनेट नीट उघडायच्या आधीच "मॅडम, रेडिएटर गेला" म्हणाले. मला पटेना, कारण रेडिएटर खालून ठणठणीत कोरडा होता. मग रात्री गाडीखाली मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला. सकाळी बेल्टच्या बाजूला पाच-सहा हिरवट थेंब, चिकट, गोडसर वास, म्हणजे कूलंट, इंजिन गार ठेवणारं पाणी. एसीचं पाणी असतं तर स्वच्छ असतं आणि वास नसता. आणखी दोन गोष्टी बघून घेतल्या, डाव्या सीटच्या पायाखालचं कार्पेट ओलं नव्हतं म्हणजे हीटरचा कोअर (गरम पाणी फिरतं ती जाळी) बहुतेक फुटलेला नाही, आणि ऑइलची पट्टी कॉफीसारखी दुधाळ नव्हती म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनच्या दोन भागांमधलं सील, बहुतेक वाचलंय (तेव्हा खरंच देवाला हात जोडले). थेंब मात्र लगेच धुवून काढले कारण पार्किंगमध्ये कुत्री झोपतात, त्यांना तो गोडवा आवडतो आणि त्यातल्या ग्लायकॉलने किडन्या जातात.

वारज्याच्या एका मित्राकडून प्रेशर टेस्टर आणला. सायकलच्या पंपासारखाच असतो, कॅपच्या जागी बसवायचा आणि गार इंजिनवरच कॅपवर लिहिलंय तेवढा दाब द्यायचा. त्याचा काटा हळूहळू उतरायला लागला. टॉर्च आणि पर्समधला आरसा घेऊन शोधलं तर वॉटर पंपाच्या (इंजिनमध्ये कूलंट फिरवतो तो) पोटाखाली एक बारीक भोक आहे तिथून थेंब येत होता, भोवती पांढरट-हिरवा क्षार जमलेला. बाबा, हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं आणि आपल्याला कळावं. त्यात एमसील भरायचं नसतं, आणि हो, तुमच्या मनात आत्ता तेच आलं हे मला माहितीये. तुमची लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून ऐकायची युक्ती पण केली, बेल्टपासून ओढणी लांब ठेवून. पंपावर टेकवला की घरघर, अल्टरनेटरवर काहीच नाही. इंजिन बंद करून पंपाची पुली, म्हणजे बेल्टचं चाक, हलवली तर डुगडुगत होती.

पंप नाना पेठेतून आणला. मी "वॉटर पंप द्या" म्हटलं तर काउंटरवरचा मुलगा आत वळून ओरडला, "वॉटर बॉडी दे रे एक". सोबत गॅस्केट, नवा बेल्ट, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर.

आपल्या गाडीत पंप बाहेरच्या फॅन बेल्टवर फिरतो म्हणून घरी करायची हिंमत केली, इंजिनच्या आतल्या दातेरी टायमिंग बेल्टवर असता तर हात लावला नसता, तिथे एक दात चुकला तरी इंजिनचं वाटोळं होऊ शकतं. रविवारी सकाळी गार गाडीवर बॅटरीची निगेटिव्ह काढली, खालचा पाइप सोडून कूलंट काढलं आणि मग पहिली चूक केली. पुलीचे बोल्ट बेल्ट ताणलेला असतानाच ढिले करून घ्यायचे असतात, मी आधी बेल्टच काढला, मग पाना लावला की पुली गोल गोल. शेवटी जुना बेल्ट पुलीभोवती आवळून एका हाताने धरला, बोटं तिथेच सोलली. वरच्या मजल्यावरचे काका येऊन "गॅरेज काढलंत का?" विचारून गेले, हात नाही लावला.

पंपाचे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून जिथला बोल्ट तिथेच खोचून ठेवला, हे मात्र डोकं चाललं. सगळ्यात वेळ जुनं गॅस्केट खरवडण्यात गेला, जवळजवळ दीड तास, कारण तिथलं इंजिनचं अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, त्यावर ओरखडा उठला की नवा पंपही तिथूनच गळणार. मग नवा पंप बसवून समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत गेले, ताकद लावली नाही. कूलंट अर्धं, डिस्टिल्ड वॉटर अर्धं. कॅप उघडी ठेवूनच गार गाडी चालू केली, हीटर गरमवर, आणि वरचा पाइप तापेपर्यंत बुडबुडे येऊ दिले, नाहीतर आत हवा अडकते आणि काटा परत चढतो.

आता मुद्द्याचं. जुना पंप उघडला तर आतला पंखा गंजलेला आणि चुन्याचे पापुद्रे. कूलंटमध्ये गंज न चढू देणारी औषधं असतात, त्यात बोअरचं पाणी ओतत राहिलं की ती पातळ होतात, वर क्षार सीलला घासतात. बाबा, गाडी मला दिलीत तेव्हा डिकीत पाच लिटरचा कॅन होता. आईला तुम्ही सांगितलंत काचा धुवायला आहे. म्हणजे तुम्हाला माहिती होतं ना? किती दिवस ओतत होतात? मी चिडले नाहीये, म्हणजे चिडले होते पण पंप बसल्यावर गेला राग. पण त्यावेळी नुसतं "पाणी कमी होतं गं" एवढं सांगितलं असतं तर मी पोरांना घेऊन तशीच घाटात गेले नसते. आता शेजारच्यांची गाडी चालवता तेव्हा त्यात तरी नळाचं पाणी ओतू नका, प्लीज.

काल कात्रजच्या जुन्या घाटातून शिंदेवाडीपर्यंत दोनदा जाऊन आले, एसी चालू ठेवून. काटा अर्ध्याच्या जरा खालीच, हलला नाही. पुठ्ठा दोन रात्री कोरडा. शनिवारी खंबाटकीमार्गे येतेय.

आई, तुझ्यासाठी वेगळी बातमी. कूलंट काढायला खाली ठेवायला काही मिळेना म्हणून तू दिलेली जर्मनची परात घेतली. ते विषारी असतं, कितीही घासली तरी त्यात आता कणीक मळायची नाही, ती गाडीचीच झाली. तुळशीबागेत जाणारच आहे, केवढी आणू ते सांग, आणि स्टीलची चालेल का?

तुमची,
ताई