काका, ४.८८ साठी मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणलं की तुम्ही "असू दे रे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. आणि दुसरं म्हणजे पुण्यात आता जिकडे बघावं तिकडे फोरबायफोरला मोठे टायर दिसतात, पण त्यासाठी डिफमध्ये (डिफरन्शियल, अॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) रेशो (आतला दांडा किती फेरे फिरला की चाकाचा एक फेरा होतो तो आकडा) कुठला लागेल हे शांतपणे बसून समजावणारं माणूस भेटत नाही. मला तुम्ही भेटलात. तुम्ही जे सांगितलंत ते अजून चार जणांपर्यंत पोचावं असं फार वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माझी गाडी जुनी महिंद्रा एमएम ५४०, प्युजोचं २११२ सीसीचं बिनटर्बो डिझेल, चार गिअर. आधी २१५/७५ आर १५ टायर होते, त्यांच्या जागी ३१ इंची आले. डिफचं पोट जमिनीपासून चांगलं ४ सेंटीमीटर वर गेलं, ताम्हिणीच्या आतल्या कच्च्या रस्त्यांवर ते लगेच जाणवलं, आधी जिथे खालून दगड घासायचा तिथे गाडी आरामात निघायला लागली. पण खंबाटकीला दम जायचा, चौथा धरतच नव्हती, चार माणसं बसली की तिसऱ्यातही कण्हायची, आणि चढावर उचलायची म्हणजे हाफ क्लचवर बराच वेळ. एका दुकानात विचारलं तर गाडीकडे न बघता "५.३८ टाका, सगळे तेच टाकतात", दुसरीकडे "पंप वाढवून घ्या", म्हणजे इंजिनला डिझेल जास्त सोडा. तेव्हा एका मित्राने तुमचा नंबर दिला, म्हणाला भोसरीत काका आहेत, आख्खं आयुष्य गिअर कटिंगमध्ये गेलंय, त्यांना विचार.

तुम्ही पहिल्या भेटीत रेशोचं नावच काढलं नाहीत. गाडी कुठे चालवतोस, हायवे किती, घाट किती, किती माणसं असतात, हायवेला तुला निवांत वाटतो तो स्पीड कुठला, एवढंच विचारत बसलात. मी म्हणलं ८० च्या आसपास, ही गाडी त्याच्यापुढे पळवायची नाहीच. तुम्ही वहीत ८० लिहून त्याला गोल केलात, आणि पुढचं सगळं गणित त्या एका आकड्याभोवती फिरलं. मला वाटतं रेशो निवडण्यातली अर्धी गोष्ट इथेच आहे, शेजारच्याच्या गाडीत काय आहे यापेक्षा आपली गाडी रोज कुठे आणि किती स्पीडला चालते ते आधी ठरवायचं.

मग तुम्ही तेलाचा भरलेला पाच लिटरचा कॅन माझ्या हातात दिलात. आधी छातीजवळ धर, आता हात सरळ लांब कर. कॅन तोच, वजन तेवढंच, पण दोन मिनिटांत खांदा भरून आला. चाक मोठं झालं की अॅक्सलला हेच होतं, जमिनीला ढकलायचं ते आता जास्त लांबून ढकलायचंय, इंजिनची ताकद वाढलेली नाही, मग ती लांबी कुठेतरी भरून काढायला लागते आणि ती डिफमधल्या क्राऊन-पिनियनमध्ये (क्राऊन मोठा गिअर, पिनियन त्याला फिरवणारा लहान) निघते. एवढं सरळ मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मोजणं. ते बघताना मला खरंच भरून आलं, कारण एवढ्या जुन्या गाडीसाठी एवढी मेहनत कोण घेतं. "जुनी जीप आहे, आधीच्या मालकांनी काय काय बदललंय देव जाणे, पाटीवर जाऊ नको, दात मोज" असं म्हणून तुम्ही मागचं कव्हर उघडायला लावलंत, क्राऊनच्या एका दातावर खडूची खूण केलीत आणि हळूहळू फिरवत मोठ्याने मोजलंत. क्राऊन ४७, पिनियन ११, म्हणजे ४.२७. पुढचंही उघडून तेच मोजलंत, कारण दोन्हीकडे वेगळा रेशो असला तर फोरबायफोर लावल्यावर कडक रस्त्यावर पुढचं-मागचं एकमेकांशी भांडतं आणि शेवटी काहीतरी तुटतं. मग टायरचा घेर. बाजूच्या आकड्यांवरून नाही काढायचा, गाडीच्या वजनाखाली टायर थोडा बसतो, म्हणून हवा नेहमीची भरून, दोन माणसं आत बसवून, टायरवर आणि फरशीवर खूण करून, एक पूर्ण फेरा ढकलून टेपने मोजायचा. माझे जुने टायर अजून घरीच होते, तेही लावून मोजायला लावलेत. जुना २.१५ मीटर, नवा २.४० मीटर.

आता इतरांसाठी तुमचं गणित लिहून ठेवतो, फार सोपं आहे. ताशी ८० म्हणजे मिनिटाला साधारण १३३३ मीटर. त्याला घेराने भागलं की चाकाचे फेरे, त्याला रेशोने गुणलं की आरपीएम, माझा चौथा गिअर डायरेक्ट (एकास एक) आहे म्हणून एवढ्यावरच भागतं, पाच गिअरची गाडी असेल तर टॉप गिअरच्या रेशोनेही गुणायचं. जुन्या टायरवर इंजिन ८० ला २६५० फिरायचं. मोठ्या टायरवर ४.२७ ठेवून २३७०, म्हणजे दम का जातो ते तिथेच दिसलं. ४.५६ ला २५३०, ४.८८ ला २७१०, ५.३८ ला थेट २९९०. नुसतं मूळचं परत आणायचं तर ४.७७ पाहिजे, तो मिळत नाही, आणि मोठा टायर नुसता उंच नसतो, जडही असतो, शिवाय माझं फिरणं घाटातलं, म्हणून गणिताच्या जरा वरचा घ्यायचा, ४.८८. ५.३८ ला तुम्ही नावं ठेवली नाहीत, तो ३४-३५ इंची टायरच्या हिशोबातला आहे म्हणालात, माझ्याकडे त्याने रोज इंजिन उगाच ओरडलं असतं. शिवाय क्राऊन तेवढाच ठेवून रेशो वाढवायचा म्हणजे पिनियनचं डोकं लहान होत जातं, दगडात अडकून झटका बसला की जीव तिथेच जातो, म्हणून गरजेपेक्षा वर जायचंच नाही.

दातांच्या आकड्यांचं जे सांगितलंत ते तर मी घरी येऊन बायकोलाही सांगितलं. ४७ ला ११ (४.२७), ३९ ला ८ (४.८८), ४३ ला ८ (५.३८), या जोड्यांना एक सोडून दोघांनाही भाग जाणारा आकडा नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात फिरत फिरत क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. किती विचार करून ठेवलाय कुणीतरी! केसचंही (क्राऊन ज्यावर बोल्टने बसतो ते घर) तसंच, डॅना ४४ या अॅक्सलचं उदाहरण देऊन सांगितलंत की ३.७३ पर्यंत एक केस आणि ३.९२ पासून वर दुसरी, ते न बघता सेट मागवला तर बसतच नाही. माझं काम जुन्याच केसवर झालं, नव्या केसचा खर्च नाही हे तुमच्यामुळे आधीच कळलं.

बसवताना तर तुम्ही घाई केलीच नाहीत. बेअरिंग आणि सील नाना पेठेतून नवीन आणायला लावलेत, शिम (पातळ चकत्या) बदलून बदलून डायल गेज लावत राहिलात, बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरमध्ये येईपर्यंत, आणि दातांना रंग लावून पॅटर्न (दात कुठे टेकतात त्याचा ठसा) बघितलात, तो कडेला जात होता म्हणून रात्री सगळं परत खोललंत. मी म्हणलं काका राहू दे उद्या बघू, तर म्हणालात "हा डिफ उद्या घूं घूं करायला लागला तर तू वर्षभर ऐकणार, मी नाही". मग तो पॅटर्न दाताच्या मधोमध बसला आणि तुम्ही मला बॅटरी धरून दाखवलात, तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता गाडीचं सांगतो. खंबाटकीला तिसऱ्यात मस्त चढते, वरंधला चार माणसं आणि सामान घेऊन गेलो, कुठेही हाफ क्लचवर खेळावं लागलं नाही. फोर लो मध्ये (फोरबायफोरचा सगळ्यात हळू गिअर) उतरताना ब्रेकला पाय कमी लागतो. स्पीडोमीटरची केबल अॅक्सलच्या आधी असते, त्यामुळे मोठ्या टायरवर काटा ८० दाखवायचा तेव्हा गाडी खरी ८९ ला असायची, आता तोच काटा ८० ला असताना खरा स्पीड ७८, जीपीएस लावून बघितलं, तुम्ही वहीत लिहिलं होतं तसंच. आणि तुमचं दुसरं बोलणंही विसरलो नाही, रेशोने ओढ परत येते, ब्रेक परत येत नाही, मोठं जड चाक थांबवायचं काम ब्रेकचंच. पुढचे ब्रेक तुम्ही सांगितले तसे करून घेतलेत, नुसते टायर वाढवून पळवणाऱ्यांनी हे प्लीज मनावर घ्या.

तुम्ही सांगितलं होतं तसं सुरुवातीला थोडं चालवून डिफ पूर्ण थंड होऊ दिला, ओढाओढी काही केली नाही, आणि ८०० किलोमीटरला डिफचं तेल बदललं, जीएल-५, ८०डब्ल्यू-९० ग्रेडचं. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटला बारीक राखाडी लेप होता, तुकडा एकही नाही, बोटावर घेऊन चोळून बघितलं, खरखर नाही.

मजुरीचे पैसे तुम्ही घेतलेत ते अगदीच कमी होते काका, याबद्दल मी बोलणार आहे, तुम्ही कितीही विषय बदला. आणि कात्रजच्या एका मित्राला ३३ इंची टायर टाकायचेत, त्याला मी आधी दात मोजून, टायर फिरवून घेर काढून आणि हायवेचा स्पीड ठरवून यायला सांगितलंय. रविवारी सकाळी आम्ही दोघं येतो, काकूंना म्हणावं नाश्ता आम्ही घेऊन येणार आहोत.