आयर्विनच्या फुटांशेजारी आणखी दोन रकाने छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की सांगलीकर पेपर उघडून आधी तीन आकडे बघतो. कोयना धरणात किती टीएमसी, विसर्ग किती क्युसेक आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट. 40 ला इशारा, 45 ला धोका हे इथं शाळकरी पोरंही सांगतात. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर या आकड्यांची धास्तीच बसली आहे. माझी विनंती अशी की, या आकड्यांशेजारी आपण आणखी दोन रकाने छापावेत. किती फुटांना कोणत्या भागाची लाईट बंद करणार आणि किती फुटांना कोणत्या भागाचं नळाचं पाणी.

पाणी किती फुटांना कोणत्या गल्लीत शिरतं हे जुन्या माणसांना पाठ आहे. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोडकडची मंडळी तर पेपरची वाटही बघत नाहीत, आदल्या दिवशीच बोचकी बांधतात. फसतो ते आमच्यासारखे, वरच्या मजल्यांवरचे. 2019 ला आम्ही तिसऱ्या मजल्यावर निवांत होतो. घरात पाणी येणार नाही एवढा हिशेब बरोबर केला होता. बाकी सगळा चुकला. आधी लाईट गेली, मग नळ कोरडा पडला, मग मोबाईलची रेंज गेली. खिडकीतून बघावं तिकडे कृष्णामाई आणि घरात चहापुरतं पाणी नाही!

त्या वेळी आम्ही सगळ्यांनी फोन करकरून वीजवाल्यांना शिव्या घातल्या. मीही घातल्या, आता कबूल करते. नंतर एका वायरमननं समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पाणी डीपीला, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरला, मीटरच्या पेट्यांना लागायला आलं की लाईन चालू ठेवणं म्हणजे अख्ख्या गल्लीच्या पाण्यात करंट सोडणं. तेव्हा ती बंद करतात, मुद्दाम करतात आणि तेच बरोबर आहे. नळाचंही तसंच. नदीतून पाणी उचलणाऱ्या मोटरी आणि त्यांचे पॅनेल नदीकाठीच असणार. महापुरात एक तर तेच बुडतात, नाहीतर त्यांची वीज तोडावी लागते. म्हणजे बंद होणार हे ठरलेलंच. मग कधी, एवढं आधी सांगायला काय हरकत आहे? भूकंप सांगून येत नाही, पण कोयनेतून सोडलेलं पाणी इथं पोचायला एक दिवस तरी लागतो. तेवढ्या वेळात माणूस पुष्कळ काही करू शकतो.

आमच्या इमारतीनं काय केलं, म्हणजे काय घोळ घातला, ते सांगते. पार्किंगमधल्या जमिनीखालच्या टाकीत झाकणातून पुराचं पाणी शिरलं होतं. लाईट आल्या आल्या कुणीतरी सवयीनं मोटरचं बटण दाबलं आणि तो सगळा गाळ, गटारासकट, गच्चीवरच्या टाकीत चढला. तिथून प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात. नदीनं सोडलेलं घर आम्ही आमच्या हातानं घाण केलं. आता नियम असा की 40 फूट झाले की गच्चीवरची टाकी काठोकाठ भरायची, मोटरचा मेन स्विच खाली ओढायचा, वर ‘हात लावू नये’ असा कागद चिकटवायचा आणि जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाला प्लास्टिक घालून वर वाळूची पोती ठेवायची. पूर ओसरल्यावर ती टाकी उपसून, घासून, धुऊन झाल्याशिवाय बटणाला कुणी बोट लावत नाही.

मीटर वर चढवायला मात्र दोन वर्षं गेली. तळमजल्यावरचा मीटरबोर्ड पाण्याखाली गेला, म्हणून नदी उतरल्यावरही आम्ही कितीतरी दिवस अंधारात होतो. तरी मीटिंगमध्ये वरचे म्हणायचे, आमच्या घरात पाणी आलंच नाही, आम्ही वर्गणी का द्यायची? 2021 ला पुन्हा पूर आला तेव्हा त्यांनीच आधी पैसे काढले.

घराघरांतली तयारी जुन्या बायकांना शिकवायला नको. पिण्याचं माणशी रोजचं चार लिटर धरून घागरी, कळश्या भरायच्या. वापरायच्या पाण्यासाठी गच्चीच्या पन्हाळीखाली बॅरल लावायचं, पाऊस काय कोसळतच असतो. साठवलेलं पाणी उकळूनच प्यायचं. नळ सुरू झाल्यावर पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायचं, कारण पाइप रिकामे असताना जिथं जिथं गळती आहे तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते. नळाला थेट मोटर लावून ओढणारे या घाणीला आणखी हातभार लावतात, हे त्यांच्या तोंडावर कुणीतरी सांगायला हवं. घरात थोडी रोकड हवी. टॉवरची बॅटरी बसली की क्यूआर कोड म्हणजे नुसतं चित्र.

जनरेटरवाल्यांसाठी दोन शब्द जास्त खर्च करते. चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी बाहेरची लाईन किंवा जनरेटर यांतलं एकच जोडणारा स्विच, नसताना घरच्या वायरिंगला जनरेटर जोडला, तर वीज उलटी लाईनवर जाते आणि डीपीतून तिचा दाब वाढून पुढं निघते. लाईन बंद आहे समजून खांबावर चढलेला वायरमन त्यात जातो. दुसरं, जनरेटर जिन्यात किंवा बंद पार्किंगमध्ये लावू नये. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

ज्यांच्या घरी ऑक्सिजनच्या मशीनवरचं माणूस आहे, त्यांनी 45 ची वाट बघू नये, 40 लाच पाहुण्यांकडे हलावं. इन्सुलिनचं तेवढं अवघड नाही. बाटली डबीत घालून ओल्या मडक्यात ठेवली तर फ्रिजवाचून काही दिवस निभतं, मात्र आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावं. पाणी उतरल्यावर भिजलेल्या घराचा मेन वायरमननं बघितल्याशिवाय वर करू नये. तार तुटून पडलेली दिसली तर 1912 ला फोन करावा, सिलिंडरचा वास आला तर 1906 ला, अडकून पडलं तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला 1077 वर.

हे सगळं आम्ही करू, पण कधी करायचं ते कळलं तर. वीज कंपनी आणि महापालिका यांच्याकडे आपल्या बातमीदारानं भागवार माहिती मागितली, तर ती रोज पातळीशेजारी दोन ओळींत मावेल.

तोवर आमच्या जिन्यात मी खडूनं लिहून ठेवलं आहे. ‘40 – टाकी भरा, मोटर बंद, आजारी माणसं हलवा. 45 – गाड्या शंभरफुटी रस्त्याकडे.’ त्याखाली ‘लाईट जाणार –’ एवढं लिहून पुढची जागा मोकळी सोडली आहे. आपण आकडा छापलात की भरते.

कळावे,
एका सोसायटीची सेक्रेटरी, सांगली