खुंटीवरच्या सदऱ्यातली गोळी

ती. आई-बाबांना,
सा. न.

परवा आई फोनवर सहज बोलून गेली की देवळाच्या पायऱ्या चढताना बाबा मध्येच बसले, छाती आवळून आली, पण गोळी घेतली नाही. "गॅस असेल, जाईल," म्हणे. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

बाबा, ती सॉर्बिट्रेटची गोळी अगदीच असह्य होईल तेव्हासाठी राखून ठेवायची नसते. आवळायला लागलं की लगेच खाली बसायचं आणि गोळी जिभेखाली धरायची. गिळायची नाही. गिळली की यकृतातच तिचा बराच भाग खर्ची पडतो, शिवाय वेळही जातो. जिभेखालून ती थेट रक्तात उतरते. शिरा सैलावतात, हृदयाकडे येणारं रक्त कमी होतं, त्याचं ओझं उतरतं. बीपी उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून आधी बसायचं. मागच्या वेळी डोकं ठणकलं म्हणून तुम्ही धसका घेतलात ना? रक्तवाहिन्या रुंदावल्या की तसं होतं. मात्र 5 मिनिटांत उतार नाही, किंवा घाम-धाप सुरू झाली, तर शेजाऱ्यांची वाट न बघता 108 ला फोन करा.

दिवाळीत मी पाहिलं, गोळ्यांची पट्टी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात आणि तुम्ही बनियनवर परसात नारळ सोलताय! आई, एक पट्टी त्यांच्या लेंग्याच्या खिशात आणि एक देवघरापाशी ठेव. तारीखही बघ.

आणि ती सकाळची मेटोप्रोलॉल. नाडी 58 आली म्हणून दोन दिवस बंद केलीत, हे मला आत्ता कळतंय. अहो, ठोके संथ करणं हेच तिचं काम. ठोके कमी, म्हणजे हृदयाला प्राणवायूही कमी लागतो. ती अचानक सोडली की दुखणं उलट जास्त जोरात उसळतं. फार थकवा किंवा चक्कर वाटली तर डॉक्टरांना फोन करा, डोस तेच कमी करतील. ऍस्पिरिन आणि रात्रीच्या अटोरवास्टॅटिनने दुखणं थांबत नाही, म्हणून तुम्हाला त्या बिनकामाच्या वाटतात. पण रक्ताची गुठळी होऊ नये, धमनीतला चरबीचा थर वाढू-फुटू नये, हे त्याच बघतात.

पूर्वी चढावर व्हायचं ते आता सपाटीवर किंवा बसल्या बसल्या होतंय का, एवढं मला खरं सांगा. तसं असेल तर माझी वाट बघू नका, आजच दवाखाना गाठा.

मी शनिवारी कोयना एक्स्प्रेसने येतेय. सोमवारी तिघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ. तोवर देवळाच्या पायऱ्या नकोत, खालूनच नमस्कार करा.

तुमची,
मनू