‘रुसाल्का’च्या विंगेतल्या ताईंना जाहीर आभाराचं पत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

‘रुसाल्का’ या ऑपेराचे प्रयोग नीट पार पडले. टाळ्या गायकांना आणि वाद्यवृंदाला मिळाल्या, त्या त्यांच्याच होत्या. पण हेडसेट लावून, स्कोअर (स्वरलिपी) समोर ठेवून प्रत्येक क्यू, म्हणजे दिवा, आवाज, प्रवेश नेमका कधी याची सूचना, देणारं तुमच्यासारखं माणूस प्रेक्षकांना कधीच दिसत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहोत. परदेशी ऑपेराचं बॅकस्टेज शिकू पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींना यातला तपशील उपयोगी पडेल, हाही हेतू आहे.

चेक संगीतकार द्वोर्झाकचं संगीत आणि क्वापिलची संहिता असलेली ही परीकथा प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात 31 मार्च 1901 रोजी पहिल्यांदा सादर झाली. तिच्यात तळं, चांदणं, जलपुरुष, चेटकीण, राजपुत्रावर जीव जडलेली जलपरी रुसाल्का सगळं आहे आणि ते सगळं रंगमंचावर दाखवायचा मोह होतो. तुम्ही प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारलात: “हे करताना गाणाऱ्याला श्वास घेता येणार आहे का?”

धुक्याचंच घ्या. तळ्याकाठी जमिनीलगत रेंगाळणारं धुकं हवं म्हटल्यावर सगळ्यांना आधी ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, आठवतो. उणे 78.5 अंशांवर त्याचा थेट वायू होतो आणि हा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड असतो. एक किलो बर्फातून साधारण 540 लिटर वायू निघतो. दहा किलो वापरला आणि सगळा वायू 150 घनमीटरच्या पिटमध्ये (मंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात) उतरला, तर तिथल्या हवेत त्याचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या वर जातं. आठ तासांच्या कामासाठी मर्यादा अर्ध्या टक्क्याची आहे. डोकं दुखायला लागतं, धाप लागते आणि बासरीवाल्याला आपला श्वास का पुरत नाही ते कळत नाही. तिसऱ्या अंकाच्या शेवटी राजपुत्र वरच्या ‘सी’ या टिपेच्या स्वरापर्यंत चढणारं द्वंद्वगीत गाऊन रुसाल्काच्या चुंबनाने मरतो आणि जमिनीवर पडून राहतो. म्हणजे वायू जिथे साचतो, नेमकं तिथेच त्याचं नाक. तुम्ही तिसऱ्या अंकातलं धुकं काढायलाच लावलंत, पहिल्या अंकातलं मोजून ठेवलंत आणि पिटमध्ये गुडघ्याच्या उंचीवर वायूमापक लावून घेतलात. फॉग मशीनचं ग्लायकॉलचं धुकंही गाण्यांपासून लांब ठेवलंत, कारण त्याने घसा कोरडा पडतो.

खऱ्या पाण्याबद्दलही तुमचं म्हणणं बरोबर होतं. दहा सेंटीमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला शंभर किलो. त्यात मंचाला चार टक्के उतार असेल, तर पाच मीटर लांबीच्या तळ्यात पुढच्या कडेला पाणी वीस सेंटीमीटरने जास्त खोल होतं. त्याऐवजी काळी चकचकीत जमीन आणि विंगेतला उथळ ट्रे. ट्रेमध्ये दोन बोटं पाणी, तळाशी आरशाचे तुकडे, तिरका दिवा आणि पाण्यावर मंद फिरणारा छोटा पंखा. लाटा थेट झाडावर आणि चेहऱ्यांवर पडतात. पंखा जरा वाढवला की लाटांचं नुसतं थरथरणं होतं. दिव्याच्या लाइनवर वीज गळली की पुरवठा तोडणारं 30 मिलीअँपिअरचं गळती-संरक्षण बसवल्याशिवाय तुम्ही ट्रे भरू दिला नाहीत, तेही योग्यच.

पहिल्या अंकात रुसाल्का चंद्राला उद्देशून गाते, त्या चंद्रगीताच्या वेळी तर तुम्ही आमच्या दिव्यांचा आवाज ऐकलात! गाण्याआधी हार्प इतकी हळू वाजते की मूव्हिंग लाइटचे (मोटरने फिरणाऱ्या दिव्यांचे) पंखेसुद्धा प्रेक्षकांना ऐकू येतात. म्हणून ते आधीच सायलेंट मोडवर टाकायचे आणि चंद्र हार्पबरोबर निघाला पाहिजे, गायिकेच्या पहिल्या शब्दाबरोबर नाही. फांदीवर बसून गाणाऱ्या गायिकेच्या सुरक्षापट्ट्याचा ताण कमरेवर आणि मांड्यांवर यायला हवा. तो बरगड्यांवर आला की खालचा श्वास बंद आणि ओळी तुटायला लागतात.

दुरून ऐकू येणाऱ्या शिकाऱ्याच्या गाण्याला तुम्ही दिलेला उपाय आता आमच्या वहीत कायमचा आहे. 25 मीटर आत उभा असलेला गायक पिटमधलं ऐकून गायला, तर वाद्यांचा आवाज त्याच्यापर्यंत आणि त्याचा आवाज पुढे यायला प्रत्येकी सुमारे 73 मिलीसेकंद जातात. प्रेक्षकाला तो ढिला वाटतो. त्याने मॉनिटरवर कंडक्टरचा हातच बघायचा आणि किंचित पुढे गायचं. मॉनिटरही कमी विलंबाचा हवा, नाहीतर चित्रच मागे राहतं.

दुसऱ्या अंकात रुसाल्का बराच वेळ मुकी असते. तिच्या ओळीवर क्यू धरायची सोयच नाही. तुम्ही राजपुत्राच्या आणि परक्या राजकन्येच्या ओळी धरल्यात, पोलोनेझ या नृत्यसंगीताचे बार (तालाचे ठरावीक भाग) मोजून पेन्सिलीने आकडे टाकलेत आणि ‘तयार’ची सूचना क्यूच्या आठ बार आधी लिहिलीत. तालीम बघायला आलेल्या कुणालाही तुमची प्रत हातात घेऊन प्रयोग चालवता आला असता.

आणि तो सुरा! चेटकीण येझिबाबा देते, रुसाल्का तळ्यात फेकते. बोथट ॲल्युमिनियम, टोकाला रबर, विंगेत फोम भरलेली पेटी. तरीही तुम्ही दर प्रयोगाला राजपुत्राच्या प्रवेशाआधी तो उचलला गेल्याची खात्री विचारून घेत होतात, कारण अंधारात त्याच वाटेने राजपुत्र येतो.

ताई, मनापासून धन्यवाद. तुमच्या प्रतीवरून क्यूंची स्वच्छ नक्कल काढायला घेतली आहे. पोलोनेझनंतरच्या दोन खुणा पुसट झाल्या आहेत, तेवढ्या एकदा सांगा.

आपले,
प्रकाश, ध्वनी आणि नेपथ्य सांभाळणारी मंडळी